खिडकीपासून दारापर्यंत

तातडीच्या विभागाच्या हॉलमध्ये चाळीस खुर्च्या होत्या, आणि सकाळचे नऊ वाजून गेल्यावर त्या कधी पुरल्याचं कोणाच्या स्मरणात नव्हतं. हॉलच्या एका टोकाला खिडकी होती आणि दुसऱ्या टोकाला दार. खिडकीत सिस्टर बसत. आलेल्या माणसाला काय होतंय ते विचारायचं, नाडी, ताप, रक्तदाब बघायचा आणि कागदावर लाल, पिवळा किंवा हिरवा शिक्का मारायचा, हे त्यांचं काम. लाल शिक्क्याचा माणूस सरळ दारातून आत, डॉक्टरांकडे जाई. पिवळे आणि हिरवे हॉलमध्ये बसत. दार उघडून कोणी नाव पुकारलं की त्यांची पाळी.

मधला जो हॉल होता, तो मात्र कोणाच्याच हद्दीत येत नव्हता. शिक्का उमटला की खिडकीचं काम संपलं. दारातून माणूस आत आला की आतल्यांचं काम सुरू झालं. मधल्या पाच, सहा, सात तासांत तो माणूस नेमका कोणाचा, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नव्हतं.

खिडकीतल्या सिस्टरांना सगळा दवाखाना खिडकीताई म्हणे. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. खिडकीच्या वर एक पत्र्याची पाटी होती: 'डॉक्टरांनी तपासेपर्यंत काहीही खाऊ-पिऊ नये. पाणीसुद्धा नाही.' ही पाटी ताईंनीच भांडून लावून घेतली होती, चौदा वर्षांपूर्वी. पोटदुखी घेऊन आलेल्या एका गृहस्थांनी बसल्या बसल्या घरून आणलेला अख्खा डबा फस्त केला होता, आणि मग त्यांचं ऑपरेशन अडलं, सर्जनने ताईंना फैलावर घेतलं. तेव्हा हॉलमध्ये तासभर बसावं लागे. तासभर कोणीही कळ काढतं. पुढे एकाचे तीन तास झाले, तिनाचे सहा झाले, माणसं भिंतीला टेकून उभी राहू लागली. पाटी आपली तशीच. तिला थोडीच तहान लागते!

त्या मंगळवारी साडेसातला एक आजी आल्या. न्हाणीघरात हातावर पडल्या होत्या, मनगट सुजलं होतं. बरोबर सून होती. ताईंनी हात फळीला बांधून दिला, हिरवा शिक्का मारला.

"बाई, घोटभर पाणी प्यायलं तर चालेल का हो?" आजींनी विचारलं.

"डॉक्टरांनी बघू दे आधी, आजी. हात सरळ करायला भूल द्यावी लागली तर पंचाईत होते."

दहा वाजता सून विचारून गेली. ताईंनी पाटीकडे बोट दाखवलं. साडेबाराला आजींनीच लांबून, रिकामी मूठ तोंडाशी नेऊन खूण केली, आणि ताईंनी समोरच्या बाईच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळता गुंडाळता नुसती मान हलवली. नाही.

दोन वाजता नाव पुकारलं गेलं. आजी उठल्या आणि पाय नसल्यासारख्या खाली आल्या. आदल्या रात्रीपासून गोळीपुरत्या घोटाशिवाय पोटात पाण्याचा थेंब नव्हता, त्यात सकाळची रक्तदाबाची गोळी घेतलेली, लघवीला लावणारी. मनगटासाठी आलेल्या आजींचं खुब्याचं हाड मोडलं.

कागदावर नोंद झाली: 'प्रतीक्षेत असताना रुग्णाचा तोल गेला.' कोणाचंही नाव नाही.

ताई संध्याकाळी वॉर्डात आजींना बघायला गेल्या. मनातून त्यांना वाटत होतं, चार शिव्या तरी मिळतील. आजी औषधाच्या गुंगीत होत्या. म्हणाल्या, "सून म्हणत होती, गुपचूप पिऊन घ्या. मी म्हटलं नको. त्या बाईंनी सांगितलंय ना, त्यांना कळतं." आणि ताईंचा हात धरून झोपल्या. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

घरी ताईंचे यजमान शर्टाची बटणं लावत बसले होते. तीस वर्षं बसमध्ये कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून सुईदोरा त्यांच्याकडे होता. ताईंनी सगळं सांगितलं.

"अहो, पण नियम चुकीचा नाहीये," ताई म्हणाल्या. "ज्याचं ऑपरेशन व्हायचं त्याने नाहीच प्यायचं."

"आणि ज्याचं व्हायचं नाही त्याने?"

"कोणाचं होईल ते आधी कसं कळणार?"

"अगं, तू तीस वर्षं तिथे माशा मारतेस का?" त्यांनी दोरा दातांनी तोडला. "हे बघ, मला एवढंच ठाऊक. गाडीत पाऊल टाकलं तो माझा प्रवासी. बसायला जागा मिळो, नाही तर दांड्याला लोंबकळो. उभा आहे म्हणून त्याला मी कधी म्हटलं नाही, की बाबा, तू अजून गाडीत चढलाच नाहीस."

"तुम्हाला बोलायला काय जातंय."

"माझं काय जाणार? मी घरी बटणं लावतोय."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर जाताना ताई भूल देणाऱ्या डॉक्टरांना गाठायला गेल्या. ते ऑपरेशन थिएटरच्या बाहेर चहा पीत उभे होते.

"साधं पाणी ना? दूध नाही, चहा नाही?" डॉक्टर म्हणाले. "दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना चालतं. पोटाचं दुखणं, उलट्या, डोक्याला मार, गुंगी, गिळायला त्रास, यांना नाही. शंका आली तर मला विचारायचं."

"हे लिहून देता?"

डॉक्टरांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही बाजूंना बघितलं. "ताई, मी तुम्हाला ज्ञान दिलं. सहीपण मागता?"

"बरं, नका देऊ. ज्ञान पुरेल."

ताईंनी शिपायाकडून शिडी मागवली आणि पाटी उतरवून कपाटामागे सरकवली. मग एक जग, कागदी पेल्यांची चळत आणि पेन घेऊन त्या हॉलमध्ये उतरल्या. खिडकीत बसायला त्यांनी धाकट्या सिस्टरला सांगितलं. ही मुलगी वर्षभरापूर्वी लागलेली, कामाला चोख पण जरा घाबरट.

"ताई, मेट्रनबाई बघतील हो!"

"बघू दे. हॉलमध्ये बघण्यासारखं पुष्कळ आहे."

ताई एकेका खुर्चीशी थांबत. कागद बघत, चार प्रश्न विचारत आणि कोपऱ्यात लिहीत: वेळ, पाणी दिलं किंवा दिलं नाही, का नाही, आणि खाली पूर्ण सही. पहिल्या फेरीला पाऊण तास लागला. त्या फेरीत ताईंना अशा गोष्टी दिसल्या, ज्या खिडकीतून कधीच दिसल्या नव्हत्या. एक म्हातारे गृहस्थ झोपलेत असं सगळ्यांना वाटत होतं. त्यांची साखर उतरली होती. एका बाईंनी चार तास लघवी दाबून धरली होती, कारण उठलं आणि नाव पुकारलं तर? एक जण निमूटपणे रक्ताने भिजलेला रुमाल पिळून पुन्हा बांधत होता. शिक्का मारताना तिघेही ठीक होते. शिक्का खोटा नव्हता, फक्त शिळा झाला होता.

तिसऱ्या दिवशी मेट्रनबाईंनी बोलावलं. मेट्रनबाई आणि ताई एकाच बॅचच्या; एकाच खोलीत राहून, एकमेकींच्या साड्या नेसून शिकलेल्या. आता एक खुर्चीवर होती आणि एक समोर उभी.

"बस गं. काय चालवलंयस हे?"

"पाणी देतेय."

"ते दिसलं मला. पाणी दे, मी कानाडोळा करीन. पण लिहितेस कशाला?"

"मग काय करू? अंदाजाने देऊ?"

"अगं, जरा समजून घे. लिहिलंस म्हणजे आपण त्या माणसाला बघितलं असं होतं. बघितलं म्हणजे आपली जबाबदारी आली. उद्या काही झालं की तो कागद फडकवत नातेवाईक साहेबांपुढे उभे राहणार. आणि खापर कोणाच्या डोक्यावर? सही कोणाची आहे?"

"माझी आहे. म्हणूनच करते."

"तुझ्या अंगाशी येईल."

"मंगळवारी त्या आजींच्या अंगाशी आलंच की. तिथे सही कोणाची होती?"

मेट्रनबाईंनी चष्मा काढून पुसला. "तू पहिल्यापासून अशीच. परीक्षेत पेपर वाचून बाहेर आलीस आणि प्रश्नच चुकीचा आहे म्हणालीस."

"होताच चुकीचा."

"होता. पण नापास कोण झालं?"

दोघी हसल्या. हसणं ओसरल्यावर मेट्रनबाई म्हणाल्या, "मी गंमत करत नाहीये हं."

आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी ते अंगाशी आलं.

सकाळी एक शिंपीण आली होती, तिशीची. कंबर भरून आली म्हणाली. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं काम, त्यात आठवडाभर एका शाळेचे गणवेश शिवत होती. ताप नव्हता, नाडी बरी होती. धाकट्या सिस्टरने हिरवा शिक्का मारला होता. फेरीत ताईंनी विचारलं, "उलटी वगैरे?" ती म्हणाली नाही. "पोट?" ती म्हणाली, "पोट काय, पाळी यायची आहे." ताईंच्या मागे आणखी वीस माणसं होती. त्यांनी तिला दोन पेले पाणी दिलं, लिहिलं आणि पुढे गेल्या. पोटाला हात लावला नाही.

चाळीस मिनिटांनी शिंपीण खुर्चीवर दुमडली. अपेंडिक्स होतं, जरा मागच्या बाजूला वळलेलं, म्हणून कंबरेत दुखत होतं. सर्जनने तिला लगेच घ्यायचं ठरवलं आणि कागदाचा कोपरा वाचला. ऑपरेशन दोन तास थांबलं. पोट उघडलं तेव्हा अपेंडिक्स फुटलेलं होतं.

सर्जन तरुण होता, थेट हॉलमध्ये आला आणि सगळ्यांसमोर त्याने तोंड सोडलं. "कोणाची ही सही? तुम्ही डॉक्टर आहात? पाणपोई उघडलीय का इथे?" ताई जग हातात धरून उभ्या होत्या. सत्तर माणसं बघत होती. फेरी पुरी न करता त्या खिडकीत जाऊन बसल्या. त्या दिवशी हॉलमध्ये पुन्हा कोणी उतरलं नाही.

रात्री ताईंना झोप लागली नाही. यजमानांनीही शहाणपण शिकवलं नाही, एकदाच म्हणाले, "जगेल ना ती?" ताई म्हणाल्या, "जगेल. पण तीन दिवसांत घरी गेली असती, आता दहा-बारा दिवस लागतील." सकाळी त्या शिंपिणीच्या खाटेशी गेल्या आणि आपण कोण ते सांगितलं. तिचा नवरा उठून उभा राहिला. "तुम्हीच का त्या?" एवढंच म्हणून त्याने तोंड फिरवलं. शिंपीण हळू आवाजात म्हणाली, "तहान लागली होती हो फार." तिने माफ केलं की नाही, ते ताईंना कळलं नाही, आणि विचारायचा आपल्याला हक्क आहे असंही वाटलं नाही.

साडेदहाला साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं. अधीक्षक साहेब, मेट्रनबाई, सर्जन. टेबलावर टाइप केलेलं हमीपत्र तयार होतं. साहेबांनी ते बोटाने पुढे सरकवलं. मजकूर असा, की यापुढे मी खिडकीवरील काम झाल्यानंतर हॉलमधील कोणत्याही रुग्णास आपणहून पाणी, सल्ला वा अन्य सेवा देणार नाही.

"सही करा आणि विषय संपला," साहेब म्हणाले. ते वाईट गृहस्थ नव्हते. तीन वर्षं वरच्या कचेरीकडे माणसं मागत होते, आणि ते घोंगडं भिजत पडलं होतं. "नाही केलीत तर मला तुम्हाला उद्यापासून कपड्यांच्या कोठीवर टाकावं लागेल. चादरी मोजायला. माझ्यासमोर दुसरा मार्ग नाही."

"आधी एक कोरा कागद द्या, साहेब," ताई म्हणाल्या.

कागद मिळाला. ताईंनी उभ्या उभ्याच लिहिलं, की अमुक वेळी अमुक रुग्णाला मी दोन पेले पाणी दिलं, पोट तपासलं नाही, ती माझी चूक, त्यामुळे ऑपरेशन दोन तास लांबलं. खाली सही केली.

सर्जन जरा अवघडला. "ताई, काल मी फार बोललो. ते आधीच फुटलं होतं की त्या दोन तासांत, ते खरं तर सांगता येणार नाही. पण पोटाला हात लावायला हवा होता."

"हवाच होता. आता लावीन." ताईंनी कागद साहेबांकडे दिला. "आता दुसरा कागद द्या."

"तो कशाला?"

"मंगळवारच्या आजींचा. साडेसहा तास पाणी दिलं नाही म्हणून खुबा मोडला. तोही लिहायचाय. नाव कोणाचं घालू?"

"त्यात कोणाची चूक नव्हती," साहेब म्हणाले. "नियमाप्रमाणे झालं."

"मग माझंच घालते. नियम मीच केला होता." आणि त्यांनी लिहायला घेतलं. "दोघींनीही माझंच ऐकलं, साहेब. शिंपिणीला चुकीचं दिलं, तर त्याची एका दिवसात चौकशी लागली, हमीपत्र टाइप झालं. ते बरोबरच आहे, माझी तक्रार नाही. पण आजींना चुकीचं नाकारलं, तर चिटपाखरूही हललं नाही. केलं तर चूक, आणि हात बांधून बसलं तर तोल गेला?"

"ताई, तुम्ही लिहिता म्हणजे आपल्याला माहीत होतं असं होतं," साहेब वैतागून म्हणाले. "उद्या कोर्टात गेलं तर?"

"माहीत होतंच की! सत्तर माणसं आहेत, काचेतून दिसतात. मुंग्या आहेत का त्या?"

मेट्रनबाईंनी तोंडावर हात धरला. हसू आवरायला की काही बोलू नये म्हणून, ते कळलं नाही.

"सही करताय की नाही?"

"यात 'आपणहून' असं लिहिलंय," ताई हमीपत्रावर बोट ठेवून म्हणाल्या. "म्हणजे कोणी सांगितल्याशिवाय नाही. हॉलमध्ये सांगणारं कोण आहे, त्याचं नाव इथे घाला. मी सही करते."

साहेबांनी मेट्रनबाईंकडे बघितलं, मेट्रनबाईंनी सर्जनकडे, आणि सर्जनने खिडकीबाहेर.

"मग उद्यापासून कोठी," साहेब शेवटी म्हणाले.

"उद्यापासून ना? आज माझी ड्यूटी तीनपर्यंत आहे."

आणि हमीपत्र तिथेच ठेवून ताई जिना उतरल्या. चादरी मोजण्याची त्यांना लाज नव्हती. पण तीन वाजल्यानंतर या हॉलमध्ये उतरणारं कोणी नसेल, एवढंच त्यांच्या डोक्यात घणासारखं बसत होतं.

हॉल खच्चून भरला होता. ताई मधोमध उभ्या राहिल्या. तीस वर्षांत त्या कधी एका वेळी तीनपेक्षा जास्त माणसांशी बोलल्या नव्हत्या. खाकरून त्यांनी सुरुवात केली.

"अहो, जरा इकडे लक्ष द्या. मी या खिडकीवरची सिस्टर. काल इथे एका बाईला मी पाणी दिलं, ते द्यायला नको होतं. चूक झाली. उद्यापासून मी इथे नसेन. पण तुम्ही असाल, तुमच्यानंतर दुसरे असतील. तेव्हा ऐका. तहान लागली तर विचारल्याशिवाय प्यायचं नाही. विचारायचं. नको म्हणाले तर, का नको, ते कागदावर लिहून मागायचं. वेळ घालून, सहीसकट. दुखणं वाढलं, तर पाळीची वाट बघत गप्प बसायचं नाही. खिडकीशी यायचं आणि म्हणायचं, मला पुन्हा बघा. तेही लिहून घ्यायचं. तुम्ही इथे आलात त्या क्षणापासून तुम्ही या दवाखान्याचे पेशंट आहात. खुर्ची मिळाली असो वा नसो."

"आणि नाही लिहून दिलं तर?" भिंतीपाशी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं.

"तर 'नाही लिहून देत' असं लिहून मागा."

कोणीतरी हसलं. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर मेट्रनबाई येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पण त्या परत गेल्या नाहीत. खिडकीतली धाकटी सिस्टर एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होती.

खिडकीतून जग, पेले आणि पेन उचलून ताई पहिल्या खुर्चीशी गेल्या. तिथे एक रंगारी बसला होता, नखांत पांढरा रंग, ओठ कोरडे ठाक.

"मला आधी पाणी द्या, बाई. भाषण नंतर."

"काय होतंय?"

"पोट. दोनदा ओकलो. तीन तास झाले बसून."

ताईंनी या वेळी घाई केली नाही. त्याला बाकावर आडवा केला, हात चोळून गरम केले, पोटावर ठेवले आणि एकेका जागी दाबलं. एका जागी तो कळवळला.

"पाणी नाही मिळणार तुम्हाला."

"वा रे वा! सगळ्या हॉलला पाणी आणि मला ठेंगा?"

"ओठ ओले करून देते. गिळायचं नाही."

"का पण? तहानेनं जीव चाललाय माझा!" त्याने कागद पुढे धरला. "आत्ताच म्हणालात ना, लिहून मागा म्हणून? मग लिहा. सहीसकट लिहा."

ताईंनी त्याच्याकडे बघितलं आणि त्यांना एकदम बरं वाटलं. त्यांनी कागद घेतला आणि हिरव्या शिक्क्यावर लाल शिक्का मारून आणला. मग दार ठोठावून आतल्या डॉक्टरांना उंबऱ्यापाशी बोलावलं. आत जागा नाही, दहा मिनिटांत करतो, असं ते म्हणाले. "नक्की किती वाजता?" असं ताईंनी तीनदा विचारल्यावर त्यांनी घड्याळ बघून वेळ सांगितली. रंगाऱ्याजवळ परत येऊन ताईंनी कागदावर लिहिलं: अकरा पस्तीस. पोटात उजवीकडे दाबल्यावर दुखतं, दोन उलट्या. पाणी नको. आत कळवलं. पावणेबाराला आत घेणार. खाली पूर्ण नाव.

रंगाऱ्याने ते अक्षर अन् अक्षर वाचलं.

"आणि पावणेबाराला नाही घेतलं तर?"

"तर ओरडा," ताई म्हणाल्या. "दारापलीकडे ऐकू जाईल असं."

त्याने मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि समोर मांडीवर ठेवलं. ताई जग उचलून दुसऱ्या खुर्चीकडे वळल्या.